राखणदाराचा चेहरा

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आले बाई एकदाची चौलला! लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने सगळ्या देवळांची माहिती न विचारता दिली. खोली मात्र झकास आहे. नारळी-पोफळीची वाडी, पुढे पडवी, मागे गोड्या पाण्याची विहीर, इथे तिला बाव म्हणतात. घरमालकीण केसरकाकू आणि त्यांचे यजमान हरेश्वरकाका दोघंच असतात. मुलगी अमिषा पनवेलला दिली आहे. काकूंनी हातपाय धुवायच्या आत तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढ्यात ठेवली. तिसरी भाकरी नको म्हणाले ते केवळ लाजेस्तव.

इथे दोन महिने बसून खलनायक रचायचे आहेत. एक जुना, फुकट मिळणारा भुयाराचा खेळ आहे. दर डावाला भुयार नव्याने तयार होतं आणि हिरो एकदा मेला की मेलाच, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. त्याचा आम्ही कोकणी अवतार करतोय. धाकटा भाऊ सुजित कामोठ्याला बसून प्रोग्राम लिहितो. जागा, राक्षस आणि चित्रं माझ्याकडे. दोघांनीही नोकऱ्या सोडल्या आहेत. आई-बाबांच्या मागे आम्ही दोघंच, त्यामुळे आपटलो तर रडायलाही तिसरं कोणी नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

काम जोरात. पहिला मजला मिठागर, दुसरा बुडालेलं बंदर, तिसरा केवड्याचं बन. केवड्यात एक बाई बसवली आहे. ती जाळं विणते आणि त्यात माणसाची सावली अडकते. सुजितला ती फार आवडली. खेकड्यांच्या सरदाराला मात्र तो हसला. म्हणाला, ताई, याला बघून भीती नाही, भूक लागते.

शेवटचा खलनायक काही केल्या जमत नाही. आतापर्यंतचे सगळे नुसते दात विचकतात. शेवटचं दार अडवून उभा राहील आणि बघताच पोटात गोळा येईल, असा कोणीतरी हवा आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मिळाला!

वाडीच्या खाडीकडच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक दगड आहे. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, तो आमचा म्हातारा, वाडीचा राखणदार. घोंगडी पांघरून, काठी टेकत कुंपणाकडेने फिरतो. त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याचं नाव घ्यायचं नाही. खाडीकडून जे येतं ते तो अडवतो. काय येतं, असं मी विचारलं. काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "तो आडवतो, म्हणून तर आमाला म्हाईत न्हाय."

दगडाला डोळे का नाहीत, हेही विचारलं. शेंदराच्या देवाला चांदीचे डोळे बसवतात, मग याला का नाही? काकूंनी एवढंच सांगितलं की याला डोळे-नाक कधी द्यायचं नाही, तशी रीत आहे. रीत म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत चित्र तयार. घोंगडी, काठी, हातात कंदील, मागे बंद दार. त्याला मारलं की दार उघडतं आणि खेळ जिंकला. चेहऱ्याशिवाय खलनायक पडद्यावर नुसता बोचक्यासारखा दिसत होता, म्हणून त्याला सुजितचा चेहरा दिला. फेंगडं नाक, सायकलवरून पडून तुटलेली भुवई, सगळं तंतोतंत. त्याने आधी शिव्या घातल्या, मग स्वतःच चारचौघांना पाठवलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डेमो बाहेर टाकला आणि लोक तुटून पडले. म्हाताऱ्याला मारल्याची चित्रं एकमेकांना पाठवतात. एकाने लिहिलंय, मरताना तो आपल्याकडे बघतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मी खूश झाले.

एक गोष्ट कळत नाही. दारापलीकडे मी काहीही ठेवलेलं नाही, नुसती काळी खोली आहे. पण तीन-चार जणांनी लिहिलंय की आतून पाणी येतं आणि पाण्यात कोणीतरी पाठमोरं उभं असतं, ते भारी जमलंय. सुजित म्हणाला, मी नाही टाकलं, तूच विसरली असशील. त्याच्या पाठीवर काठीने मारल्यासारखे वळ उठलेत म्हणे. मी म्हटलं, गादी बदल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बावेचं पाणी खारट झालं. सकाळी चहा तोंडात घेतला आणि थुंकला. काका म्हणाले, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कोपऱ्यातला दगड पालथा पडला आहे. काकांनी उभा केला. दुपारी पाहिला तर पुन्हा पालथा.

खाडीकडून ओल्या पावलांची रांग वाडीत आली आहे. आत येणारी. परत जाणारी नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काका भर दुपारी सुपाऱ्या गोळा करायला गेले ते परत आले नाहीत. बावेत सापडले, गळ्यापर्यंत पाण्यात, भिंतीकडे तोंड करून उभे. जिवंत आहेत, पण बोलत नाहीत. तोंड उघडलं की खारं पाणी येतं. अलिबागच्या डॉक्टरांना काही कळेना.

मी काकूंना सगळं सांगितलं. फोनवर म्हाताऱ्याचं चित्र दाखवलं. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. हा कोणाचा पोर, विचारलं. माझा भाऊ, म्हटलं.

"बाय, काय केलंस गो हे," एवढंच आधी म्हणाल्या. मग हळूहळू सांगितलं. दगडाला चेहरा देत नाहीत, कारण चेहरा ज्याचा, राखण त्याची. दगड पडला की त्या माणसाला उभं राहावं लागतं. सासूने त्यांना लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. मीच तुला पूर्ण सांगायला हवं होतं, असं म्हणून त्या रडायला लागल्या. दोष त्यांचा कसा? मीच विचारलं नाही.

सुजितला तिकडेच थांबवायला लगेच फोन केला. त्याच्या खोलीतल्या प्रणयने उचलला. सुजित सकाळीच निघाला, चपला न घालता. फोनही न घेता.

रविवार, २३ नोव्हेंबर

आला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ कोपऱ्यात गेला, खाडीकडे तोंड करून उभा राहिला. हातात काठी, कुठली कोण जाणे.

मी ओढलं. हललाच नाही, जमिनीत रुतल्यासारखा.

तासाभरात बावेचं पाणी गोडं झालं. काका उठून बसले, पेज मागितली. काकू माझ्या नजरेला नजर देत नाहीत. आनंद लपवतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही —

दुपारी तो कोसळला. कोणी हात लावला नव्हता. भुवईतून रक्त. मग उठून उभा राहिला. पुन्हा कोसळला.

लोक खेळतायत. रविवार आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डेमो काढून टाकला. काय उपयोग, तो लोकांच्या फोनमध्ये आहे. सगळ्यांना लिहिलं, म्हाताऱ्याला मारू नका, हात जोडते, माझा भाऊ आहे. हसले. जाहिरात भारी आहे म्हणे.

हिरोला एकच मरण. म्हातारा दर डावात नव्याने उभा राहतो. हा नियम मीच लिहिला — माझा सुजित —

त्याला भाकरी भरवली. चावत नाही. काकूंनी त्याचे पाय पुसले आणि पदर तोंडात कोंबून आत गेल्या.

तो पडला की पाणी कुंपणाच्या आत येतं. त्याला इथून नेता आलं, तरी पाणी काकांना —

उठायला आता वेळ लागतो त्याला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रणयने सुजितचा कॉम्प्युटर उघडला. नवं चित्र पाठवलं तर खेळणाऱ्यांच्या फोनमध्ये जुन्याच्या जागी बसेल म्हणतो. घोंगडी तीच, काठी तीच. चेहरा माझा काढला. आरशात बघून, नीट. माझ्या हाताने झालं, माझ्याच हाताने —

काकूंना सांगितलं. "नको गो बाय," म्हणाल्या. पण अडवलं नाही.

प्रणय म्हणतो, पाठवलं. एकेका फोनमध्ये पोचतंय.

सुजितने काठी टाकली. मागे वळला. ताई म्हणाला! ताई, मी इथे कसा? काकूंनी त्याला धरलं, घरात नेतायत. त्याला पेज द्या, त्याला सांगू नका —

माझे पाय चाललेत. मी चालवत नाही. वही हातातच आहे. काठी अजून गरम आहे, त्याच्या हाताने.

खाडीत पाठमोरं कोणीतरी उभं. आता वळतंय. त्याला चेह—

पाठीत काहीतरी बसलं. कोणी नाही मागे. कुठेतरी कोणीतरी नवा डाव