मॅटचे दोन खिळे

सर,

उद्या आटपाडीच्या मैदानाला तुमचं नाव द्यायचंय आणि भाषण माझं आहे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. फिरकीतही जात नाही. सांगलीला नेटमध्ये अजून पोरांच्या दांड्या उडवतो. तुमचं सगळं सांगणार आहे. माणच्या मेंढपाळाचा मुलगा, उसन्या पॅडवर विद्यापीठाच्या संघात सलामीला खेळला. मुंबईच्या एका कंपनीनं आपल्या संघासाठी नोकरी देऊ केली, तर "खेळायचं ते हौसेनं" म्हणून परत फिरला आणि आम्हाला गणित शिकवायला आला. चेंडू बॅटला नुसता चाटून गेला तरी पंचाकडे न बघता तुम्ही तंबूकडे चालू लागायचा. आम्हाला त्याचा भारी राग यायचा.

भाषण एकाच जागी अडतंय. मी शाळेत असतानाचा प्रसंग. जतकडच्या शाळेशी सामना आहे. मुरमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट तुम्ही सकाळीच खिळे ठोकून ताणून बसवली आहे, पंचही तुम्हीच. चहाच्या सुट्टीत मी दोन खिळे उपसले, कारण सैल मॅटवर चेंडू कसाही उसळतो. माझ्या तिसऱ्याच चेंडूनं त्यांच्या कप्तानाचा ओठ फुटला. त्यांचे मास्तर धावत आले.

"आवं सर, ही मॅट कुनी ढिली केली?"

"मॅट मी ठोकलीया. चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात आणि सामना त्यांना देऊन टाकलात. विद्यापीठात खेळलेला माणूस असला डाव करतो, असं लोक कितीतरी दिवस बोलत राहिले. तुम्ही पुन्हा कधी पंच म्हणून उभे राहिला नाहीत. मी घाबरून गप्प बसलो, आणि पुढं मोठा झाल्यावरही गप्पच.

हा प्रसंग मी व्यासपीठांवर पुष्कळदा रंगवून सांगितलाय. 'कुणीतरी' खिळे काढले, सरांनी अंगावर घेतलं, की टाळ्या. उद्या मात्र माझं नाव सांगणार. तेवढी छाती आहे माझी.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून भाषणात जे जमणार नाही ते इथं लिहितो. सामना संपल्यावर तुम्ही अकरा जणांतून हातोडी माझ्याच हातात दिलीत. "ठोक रं," एवढंच म्हणालात. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की सरांना कळलं असतं तर मी माफी मागितली असती.