एकाला साठ

३ फेब्रुवारी, सकाळी सहा
ही डायरी खताच्या दुकानदारानं फुकट दिली. पहिल्या चार पानांवर किडींचे फोटो आहेत. पाचव्यापासून मी.
ठराव. एक, रोज लिहायचं. दोन, चिडायचं न्हाई. तीन, समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यायचं, मधात तोडायचं न्हाई. हा तिसरा आमच्या कोमलनं लिहायला लावला. काहून लावला तेही ती सांगत होती, पण दूध उतू चाललं होतं म्हणून मी उठले.

त्याच दिवशी, दुपारी
कोमल नांदेडला इंजिनिअरिंग शिकून राहिली. तिच्या कॉलेजातल्या बारा पोरापोरींनी शर्यतीची गाडी बनवली आणि चालवणार आमची कोमल. मागच्या वर्षी अर्ध्या शर्यतीत गिअरबॉक्स फुटला, गाडी ढकलत बाहेर काढली. आता प्रिन्सिपल म्हणतात, यंदा गाडी शेवटपर्यंत चालली न्हाई तर कॉलेजातलं गाडीचं शेड रिकामं करा, तिथं कॅन्टीन करायचं आहे. हे सांगताना पोरगी अर्ध्या भाकरीवर उठली. मला ते बघवलं न्हाई.
शर्यत दोन मार्चला. इंजिन सगळ्यांना सारखंच भेटतं म्हणे, मग जो काही फरक पडतो तो गिअरबॉक्सचा. आणि यांची परीक्षा नेमकी मधात. मी म्हणलं, गिअरबॉक्स मी आणते. पंधरा वर्षं हळद पॉलिश करायचं मशीन चालवून राहिले. मशीनचं मला कुणी शिकवू नये.
गाडी आमच्या कुरुंद्याच्या शेडात आणून लावली, हळदीच्या ड्रमच्या बाजूला. गाडीवर माझ्या धंद्याचं नाव रंगवलं आहे, नर्मदाबाई हळद पॉलिश केंद्र. चाकाजवळ रंगवलं. मला समोर पाहिजे होतं.
कोमलची मैत्रीण करुणा, गाडीचं सगळं गणित तीच करते, तिनं चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर ८:१. काकू, हा आकडा म्हणजे, असं ती सुरू करत होती. मी म्हणलं, बाई, चौथी पास आहे मी, आकडे वाचता येतात.

५ फेब्रुवारी
पुण्याच्या कंपनीला फोन लावला. पोरांना तीच पसंत. तिकडचा माणूस गोड बोलला. मग विचारतो, मॅडम, ॲप्लिकेशन काय आहे? मी म्हणलं, अर्ज कशाला, मी काय तहसील हाफिसात आले का? तो म्हणतो, तसं न्हाई मॅडम, ॲप्लिकेशन म्हणजे. मी फोन ठेवला. वस्तू घ्यायला अर्ज लागतो ती कंपनी आपल्या कामाची न्हाई.
पुणं कॅन्सल. ठराव दोन मोडला का? न्हाई. मी चिडले नव्हते, आवाजच मोठा आहे.

७ फेब्रुवारी
चिठ्ठीवर विचार केला. ८:१. म्हणजे एकाला आठ. आपण बियाण्यात काय बघतो, एक पायली पेरली तर किती पायल्या घरात आल्या. एकाला आठ आलं तर ते रान विकून टाकावं. पोरं गरीब घरची, लाजाळू, मोठं मागायची हिंमत न्हाई. त्यांनी कमीत कमी लिहिलं.
मी यांना आठाच्या पुढचंच काहीतरी देणार. सांगायचं मात्र न्हाई. एकदम समोर ठेवायचं.
ह्यांना म्हणजे उत्तमरावांना एवढंच सांगितलं की आठ कमी आहे. ते म्हणले, करुणाला एक फोन करून घे. ह्यांना कायम दुसऱ्याला विचारायचं असतं. लग्नाआधीही आठ दिवस विचारत होते.

१० फेब्रुवारी
आखाडा बाळापूरला गेले. तिथं एकजण जुने ट्रॅक्टर खोलून माल विकतो. गिअरबॉक्सचा ढीग. मी पाना घेऊन एकेकावर वाजवला. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की खण्ण आवाज येतो, कच्चं असलं की बद. लोखंडाचंही तसंच असणार. सगळे बद वाजले. तो म्हणला, बाई, आतमधी तेल आहे म्हणून तसं वाजतं. कारणं सांगणाऱ्याकडून मी वस्तू घेत न्हाई.
बाळापूर कॅन्सल. येताना भजी खाल्ली. भजी बरी होती.

१४ फेब्रुवारी
काम झालं.
नांदेडला वसराम म्हणून आहे, नवीन गिअरबॉक्स ठेवतो. दुकानात चहा आधी, बोलणं मागून. माणूस कमी बोलतो. त्यानं विचारलं, कुठल्या कामाला पाहिजे? मी आजिबात सांगितलं न्हाई. शर्यत म्हणलं की गावभर होतं, शेजारच्या शकुबाईला आमच्या आधी कळतं. म्हणलं, फिरवायच्या कामाला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि नुसतं हसला. पारखी माणूस.
आतून तीन काढले. एकाला दहा, एकाला तीस आणि एकाला साठ. मी पान्यानं वाजवले. साठवाला असा खणकला की दुकानातलं मांजर पळालं. वसराम म्हणला, ताई, तुमच्या कामाला हाच. वसमतचे सगळे हाच नेतात.
वसमतला शर्यतीच्या एवढ्या गाड्या झाल्या आणि मला पत्ता न्हाई. आपण घरातच राहतो.
एकाला साठ. पोरं खुळी होतील.

१७ फेब्रुवारी
दोन दिवस लिहिलं न्हाई. पाहुणे होते. पाहुणे म्हणजे एकट्या मंजुळाबाई होत्या, पण त्या दहाच्या बराबर आहेत.

२० फेब्रुवारी
देविदास मिस्त्रीनं गिअरबॉक्स बसवला. दोघांना उचलंना. जड आहे म्हणजे मजबूत आहे. देविदास म्हणला, काकू, असाच एक मी वसमतला बसवला, पण तो तर. मी म्हणलं, माहीत आहे, सगळे हाच नेतात. त्यानं दोनदा तोंड उघडलं. मी दोनदा चहा दिला.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
ट्रायल घेतली. देविदास बसला, इंजिन असं गरजलं की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. गाडी निघाली. ताकद काय सांगू. मधात हळदीचं पोतं होतं, ते पुढं ढकलत नेलं, गाडीला कळलंही न्हाई.
वेग अजून यायचा आहे. ह्यांनी शेंगा खात खात गाडीबराबर चालणं सुरू केलं आणि फाटकापाशी आधी पोचले. मग टरफलं टाकायला परत आले आणि पुन्हा आधी पोचले. मुद्दाम केलं.
नवीन वस्तू आहे, अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. आणि अंगणात कोण पळतं? मैदान पाहिजे.
कोमलचा फोन. गिअरबॉक्सवरच्या स्टिकरचा फोटो पाठव म्हणली. पाठवला. स्टिकरच्या पुढं मी उभी आहे, त्याला काय करणार. फोटो मात्र चांगला आला.

२७ फेब्रुवारी
परीक्षा काल संपली. पोरं सकाळी सहाला टेम्पो घेऊन आली. करुणा गाडीच्या खाली वाकून बघायला लागली, तर मी तिच्या हातात थालीपीठ दिलं आणि म्हणलं, तिकडं गेल्यावर बघ, आता उशीर होऊन राहिला. बारा पोरांना डबे दिले. मीही चालले. गिअरबॉक्स आणणारं माणूस तिथं पाहिजे.
कोमलनं टेम्पोत गळ्यात हात टाकून विचारलं, आई, बराबर आणला ना? मी म्हणलं, मागितला त्याच्या सातपट. ती हसली. तिला वाटलं गंमत.

१ मार्च
नगरच्या पलीकडं मोठा माळ आहे, तिथं. ऐंशी गाड्या. रस्ता दगडाचा, चढउताराचा, एक फेरी तीन किलोमीटरची.
कोमल सरावाला बसली. गाडी निघाली. बाकीच्या गाड्या भुर्र गेल्या. आमची गेली. म्हणजे जात होती. बराच वेळ दिसत होती.
करुणानं चाकावर खडूनं रेघ मारली, इंजिन चालू करायला लावलं आणि मोजत बसली. मग स्टिकर वाचलं. मग जमिनीवर बसली. कोमलनं हेल्मेट काढलं. बाकीची पोरं पाळीपाळीनं स्टिकर वाचून आली.
मी म्हणलं, काहून गप झाल्या? एकाला साठ आहे तो. तुमी आठच मागितला होता.
करुणा हळू बोलली. "काकू, इंजिन साठदा फिरतं तवा चाक एकदा फिरतं."
मी हे पहिल्यांदाच पुरं ऐकलं.
म्हणजे एक पेरून साठ येत न्हाई. साठ पेरून एक येतो. असलं उलटं गणित कुणी काढलं असंल. चिठ्ठीवर सरळ लिहायचं होतं. तिनं लिहिलं नव्हतं. सांगत होती.
वसरामला फोन लावला, लागंना. आता दुसरा गिअरबॉक्स कुठून आणणार? शर्यत उद्या सकाळी. कोमल टेम्पोच्या मागं जाऊन बसली. मी गेले तर म्हणली, आई, थोडा वेळ जा. गेले.

२ मार्च, सकाळी नऊ
चार तासांची शर्यत. झेंडा पडंल तवा जी गाडी स्वतःच्या चाकावर चालत असंल ती शेवटपर्यंत चालली म्हणायची, असा नियम आहे. करुणानं तो तीनदा वाचला. कोमल हेल्मेट घालून बसली.

साडेदहा
आमची तिसरी फेरी चालू आहे. पुढच्यांची सोळावी. माईकवरचा माणूस आमच्या गाडीचं नाव वाचतो आणि दर वेळी पुरं वाचतो, नर्मदाबाई हळद पॉलिश केंद्र, कुरुंदा. बाकीच्यांचं अर्धं वाचेपर्यंत गाडी निघून जाते. जाहिरात चांगली होऊन राहिली. हे मी कुणाला बोलले न्हाई.

साडेअकरा
ऊन लई. कोमलचं तोंड लाल झालं. मी तारेच्या कडेनं गाडीबराबर चालले आणि चालत्या गाडीत पाण्याची बाटली दिली. नंतर लिंबाची फोड दिली. बाटली रिकामी झाल्यावर परतही घेतली. दुसऱ्या कुणाच्या आईला हे जमलं न्हाई.
त्यांच्या गाड्या मात्र फुटून राहिल्या. एकीचं चाक निघालं. दोन उलट्या झाल्या. नाल्याच्या चिखलात सहा रुतल्या. आमची तिथून अशी गेली जशी म्हैस पाण्यातून.

दुपारी एक
झेंडा पडला. ऐंशीतल्या एकतीस चालू होत्या. एकतिसावी आमची. सात फेऱ्या. पहिल्या नंबरवाल्याच्या बेचाळीस.
करुणा रडली आणि हसली, आधी काय ते कळलं न्हाई. पोरांनी प्रिन्सिपलना फोन केला. साहेबांनी विचारलं, चालली का शेवटपर्यंत? चालली म्हणले. मग शेड ठेवा म्हणले. किती फेऱ्या ते त्यांनी विचारलं न्हाई आणि पोरांनीही सांगितलं न्हाई.
मी कोमलला म्हणलं, बघ, फुटला का? खणकलेला होता.
तिनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं आता आभार मानंल.
"आई, पुढच्या वर्षी गिअरबॉक्स आमी आणू. तू पाणी आण."

४ मार्च
घरी आलो. शकुबाईनं विचारलं, कितवा नंबर? म्हणलं, एकतीस. ऐंशीत. बाकीच्या कितीतरी गाड्या शेवटपर्यंत पोचल्याच न्हाईत. यात खोटं काही न्हाई. ह्यांनी शेंगा सोलत मान हलवली. ते मान हलवतात तवा मला आवडत न्हाई.

१२ मार्च
देविदासनं गाडीतला गिअरबॉक्स काढून आमच्या हळदीच्या ड्रमला लावला. जुना तसाही कुरकुर करत होता. ड्रम असा फिरतो जसा पाळणा. हळद सोन्यासारखी निघून राहिली. देविदास म्हणला, काकू, वसमतला मी ड्रमलाच बसवला होता, तेच सांगत होतो. मी म्हणलं, मग जोरात सांगायचं.
दुपारी वसरामचा फोन आला. ताई, कसा चालतो? म्हणलं, बराबर चालतो. तो म्हणला, चालणारच, तुमी बोलला न्हाईत तरी मी तुमचे पिवळे हात बघूनच ओळखलं होतं की हळदीच्या ड्र
मी फोन ठेवला.
हात बघितले. पिवळेच आहेत.
ठराव तीन उद्यापासून.