टेथिसची उजळ बाजू

३ फेब्रुवारी

पेपर स्वीकारला! शनीच्या बर्फाळ चंद्रावरचा — टेथिसवरचा. यानाने काढलेले जुने फोटो, अंबरनाथच्या आमच्या कॉलेजातला खटारा कॉम्प्युटर आणि मी. टेथिसची मागची बाजू सगळे समजत होते त्याहून जास्त प्रकाश परत फेकते, हे मी मोजलं. मी, बुवापाड्याची कुंदा!

महेंद्र ऑफिसातून येताना पेढे घेऊन आले. शेजारी वाटताना म्हणाले, "बायकोने चंद्र मोजला." कुणीतरी विचारलं, कुठला? "आपला नाय, शनीचा!"

६ फेब्रुवारी

शुक्रवार. लाइट नाही.

९ फेब्रुवारी

मनाली कुळगावहून लवकर आली. एमएस्सीला आहे, माझीच विद्यार्थिनी. सरावासाठी तिला मी माझ्या पेपरातलेच टेथिसचे फोटो दिले होते. तिचं उत्तर कमी आलं — मागच्या बाजूला विशेष उजेड नाहीच! "मॅम, माझंच चुकलं असेल." "असेलच," म्हटलं. "परत कर." चेहरा पडला तिचा. पण वीस वर्षं शिकवतेय मी!

११ फेब्रुवारी

पुन्हा तेच उत्तर. आज मात्र अडून बसली. "मॅम, चंद्राच्या बाजूचं आकाश बघा ना. वो पूरा काला नहीं है." मला काळंच दिसत होतं. तिने फोटो उजळवला — एका कडेने धुरकट उजेड आत झिरपलेला! शनी चौकटीच्या बाहेर, पण त्याचा उजेड कॅमेऱ्यात शिरला होता. चंद्राचा उजेड मोजताना मी सगळ्या आकाशाच्या उजेडाचा एकच सरासरी आकडा वजा केला. तिने जागोजागचा वेगळा मोजून केला. म्हणजे शनीचा उजेड मी टेथिसच्या नावावर लावला!

तशीच घरी आले.

१२ फेब्रुवारी

रजा टाकली. घरच्या लॅपटॉपवर एकेक फोटो तिच्या रीतीने पुन्हा मोजला. तिचं चुकावं असं मनातून वाटत होतं — खोटं कशाला लिहू? नाही चुकलं. काय स्वच्छ काम केलंय पोरीने! तिच्या वयात मला जमलं नसतं. रडू येत होतं आणि छातीही फुगत होती, दोन्ही एकदम. महेंद्र घाबरले. "अगं, झालं काय?"

१४ फेब्रुवारी

पेपर मागे घेतला. नवा दोघी मिळून लिहितोय — पहिलं नाव मनालीचं.

"मॅम, नको ना! लोक तुम्हाला हसतील."

"हसू देत. मग विचारतील, ही मनाली कुणाची विद्यार्थिनी?"