निवेदिकेचं नाक

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा गेलं! संध्याकाळच्या बातम्या सुरू, निवेदिका तोंड उघडते आणि — चौकोन. गालाचे चौकोन, कोटाचे चौकोन, आवाज घशात अडकलेल्या बेडकाचा. मग निळा पडदा : सिग्नल उपलब्ध नाही, कृपया प्रतीक्षा करा. चार दिवस झाले, हेच!

डिशच्या कंपनीला फोन लावला. एक मुलगी. गोड आवाज, डोकं रिकामं. "मॅडम, डबा बंद करून चालू करा." केला. "मागची वायर काढून परत लावा." लावली. "आतलं कार्ड काढून मऊ कापडानं पुसा." पुसलं. "आता दिसतंय का?" नाही. "मग मॅडम, डबा बंद करून —" मी फोनच बंद केला.

धाकटी म्हणाली, "राहू दे ना ताई, रेडिओ लावू." हिचं सगळं असंच. जे मोडलं ते राहू द्यायचं. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली, ती दोन पेट्या आणि हे 'राहू दे' घेऊन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या मजल्यावरचा सल्लागार येऊन गेला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून फुकट सल्ला देणं हा त्याचा एकच उद्योग, म्हणून मी त्याला हे नाव ठेवलं. धाकटीनं जिन्यात सांगितलं असणार — हिच्या पोटात काही राहत नाही! हात मागे बांधून टीव्हीसमोर उभा राहिला, अत्यवस्थ पेशंट बघायला आल्यासारखा. बराच वेळ विचार करून निदान सांगितलं — "वातावरण."

चहा पिऊन गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गच्चीवरची डिशची छत्री बसवणारा छत्रीवाला अखेर उगवला. काल येणार होता. का आला नाही विचारलं तर म्हणे, "आलो ना आज!" या उत्तरावर त्याचा धंदा चालतो.

त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. मला वरून सगळं सांगतील आणि मी मान डोलावीन, त्यातली मी नाही. आणि बघते तर काय — आमच्या छत्रीच्या बरोब्बर समोर, सल्लागाराच्या घरची भलीमोठी ओली ब्लँकेटं दोरीवर! छत्रीवाला म्हणाला, "ओल्या कापडातून सिग्नल कसा येणार?" वातावरण म्हणे! त्याचं वातावरण दोरीवर निथळत होतं. मी स्वतःच्या हातानं उचलून पलीकडच्या कठड्यावर टाकली.

शिवाय वायरच्या टोकाला गंज. त्यानं तेवढं टोक कापून नवीन लावलं. छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा ठोकळाही घट्ट केला. खाली येऊन टीव्हीवर पट्ट्या दाखवल्या — सिग्नलची ताकद, सिग्नलचा दर्जा — दोन्ही हिरव्या. चौकोन बंद. बरं वाटलं, पण ते त्याला कशाला सांगा.

छत्रीचा खांब मात्र वाकडा लावलाय. निघताना त्याला परत गच्चीवर नेऊन दाखवला. मधोमध पोट आल्यासारखा वाकलाय. तो म्हणतो, सरळ आहे. मी सबंध नोकरी भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात घालवली, माझी रेघ बघून साहेब लोक पट्टी बाजूला ठेवायचे — आणि हा मला सरळ म्हणजे काय ते शिकवतोय! त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि खांबाला टेकवला. त्यात काहीतरी हिरवं झालं. "बघा, सरळ." मोबाइलला कळतं!

९ नोव्हेंबर, रविवार

चित्र परत बिघडलं. या वेळी चौकोन नाहीत, नवीनच सोंग. टेनिसची मॅच. कोर्टाची बाजूची रेषा कमरेत लचकलेली. जाळीला झोळ. चेंडू मधे आला की गायब, मग पलीकडे उगवतो. पंच उंच खुर्चीत बसलाय आणि खुर्चीचे पाय भिजलेल्या खडूसारखे.

धाकटी शेजारी भाजी निवडत होती. "मला तर नीट दिसतंय गं."

हिला नीट दिसतं! हिला टेनिस आणि बॅडमिंटन यांतला फरक दिसत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

निवेदिकेला आज नाक नाही. केस आहेत, कान आहेत, कानातलं तर नको इतकं आहे. मधे धुरकट डाग. नव्या पुलाच्या उद्घाटनाची बातमी, वाचणारी बिननाकाची. आणि एवढ्या मोठ्या कंपनीत कुणाच्याही लक्षात येत नाही!

चहा सांडला. धाकटी कप कुठेही ठेवते, मी हात घातला तर कप भलतीकडेच. पायावर सगळा गरम चहा. म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवायला या वयात तरी शीक.  फरशी पुसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बघत राहणं तिला छान जमतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

छत्रीवाला दुसऱ्यांदा. पट्ट्या हिरव्या. तरी मी हटले नाही, तेव्हा त्यानं डबा बदलला, वायर बदलली, ठोकळा बदलला. नुसता खेळ! निवेदिका आली ती तशीच, चेहऱ्याच्या जागी धूर.

"आजी," म्हणाला — आजी! — "सिग्नल गेला तर चौकोन पडतात, नाहीतर चित्र थिजतं, नाहीतर पडदा काळा होतो. रेघ वाकत नाही कधी."

"मग टीव्ही बिघडलाय."

त्यानं मोबाइलवर टीव्हीचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. "बघा बरं. फोटोत तर छान आलंय."

फोटोतही वाकडंच होतं! तसं सांगितलं. त्यानं धाकटीकडे बघितलं, धाकटीनं त्याच्याकडे. मला वेड्यात काढायचं ठरलेलंच होतं तर. मग दारात दोघांची कुजबुज बराच वेळ. ही माझ्या वतीनं माफी मागत असणार. आयुष्यभर तिनं हेच केलं — आधी नवऱ्याच्या वतीनं, आता माझ्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खिडकीची चौकटही वाकडी. या बिल्डिंगचा गवंडी पिऊन काम करत होता की काय!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज वाजलंच.

मी कंपनीला तक्रार लिहायला बसले. कडक शब्दांत. धाकटीला म्हटलं, खाली साक्षीदार म्हणून तू सही कर, की चित्र तुटतं. तर म्हणे, "ताई, मला दिसत नाही ते मी कसं लिहू?" तेही हळू आवाजात, मान खाली घालून. मला हा हळू आवाज सहन होत नाही. मोठ्यानं भांडावं माणसानं.

"तुला काय दिसलंय आयुष्यात!" मी म्हणाले. "नवऱ्यानं दुसरं घर मांडलं, ते सगळ्या गल्लीला दिसलं. तुला दिसलं सगळ्यांच्या शेवटी."

ती उठली. चष्मा काढून पुसला, परत घातला. स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी घासल्याचा आला नाही.

खरं तेच बोलले. पण बोलायचं कारण नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

धाकटी बोलत नाही. जेवण वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. घरात शांतता आहे. शांतता मला आवडते. आवडायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कबूल केलं! संध्याकाळी बातम्या चालू असताना आपण होऊन शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुझं बरोबर आहे गं. मलाही आता तुटकंच दिसतंय."

"काय दिसतंय नेमकं?"

"तेच... तू म्हणतेस तेच. नाक नाही."

मी फार काही बोलले नाही. मोठेपणा दाखवायची वेळ होती. एवढंच म्हटलं, उशिरा का होईना, डोळे उघडले. आता दोन साक्षीदार! छत्रीवाल्याला, सल्लागाराला, त्या गोड आवाजाच्या मुलीला, सगळ्यांना ओळीनं उभं करते.

तक्रार मात्र लिहून झाली नाही. ओळी एकमेकींवर चढतात. दिव्याचा उजेड कमी पडतोय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धाकटीचं नवीन खूळ. म्हणते, "टीव्ही चांगला असेल आणि माझ्याच डोळ्यांत काही असेल तर? एकदा दाखवून यावं म्हणते. एकटीला भीती वाटते. येशील सोबत?"

मला हसू आलं. हिला मोतीबिंदू असणार, आणि बिघाड छत्रीचा! दोन्ही एकदम असू शकतं हे हिच्या डोक्यात शिरणार नाही. पण एवढा चेहरा पाडून विचारलं की नाही म्हणता येत नाही. परवाचा नंबर मिळाला म्हणे. दवाखान्यात सहसा इतक्या लवकर नंबर मिळत नाही. चालत नसेल फारसा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांचा दवाखाना. पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या डोळ्याचं चिरलेल्या कांद्यासारखं चित्र. काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं ते माझंच नाव. पेशंट कोण आणि सोबतीला कोण एवढंही यांना कळत नाही! मी तिला सुनावणार, तोच धाकटी म्हणाली, "आलोच आहोत तर आधी तुझं होऊ दे ना. मला जरा धीर येईल." भित्री ती भित्रीच. म्हटलं, चल, दाखवते तुला, यात घाबरण्यासारखं काही नसतं.

डॉक्टरीण पोरगेलीच. हातात एक कागद दिला — चौकोनी जाळी, मधे काळा ठिपका. "ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?"

आता हा विषय माझा. म्हटलं, "हे काढलं कुणी? मधल्या रेषा सगळ्या आत ओढल्यासारख्या, इथं तर चौकोनच पुसला गेलाय. आमच्या कचेरीत असा कागद कुणी टेबलावर ठेवला असता तर त्याला दौती धुवायला बसवलं असतं."

ती हसली नाही. "काही नाही," म्हणाली आणि एक काळी चकती माझ्या डाव्या डोळ्यावर धरली. "आता बघा."

उजवा डोळा माझा लहानपणापासून कामचुकार. सगळी नोकरी डाव्यावर केली; उजवा नुसता जोडीला. त्या डोळ्यानं बघितलं.

फिकट. पण सरळ. एकूण एक रेषा सरळ.

"कागद बदललात?" मी विचारलं.

"नाही."

मी चकती तिच्या हातातून घेतली. स्वतः धरली. डावा झाकला, उजवा झाकला. परत डावा. परत उजवा. ती थांबली. घाई केली नाही, एवढं म्हणेन.

मग थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवली, डोळ्यात प्रकाश मारला. पडद्याच्या मधोमध रक्त झिरपतंय, म्हणाली. पडदा म्हटल्यावर मला आधी टीव्हीच आठवला. सोमवारी सकाळी इंजेक्शन. डोळ्यात! म्हटलं, गेलेलं परत येईल का? "किती ते आत्ता नाही सांगत. राहिलेलं वाचवायचं बघू. अजून थोडे दिवस घरी बसला असतात तर तेही बोलले नसते."

  रिक्षात मधे एकदा धाकटीनं माझ्या मांडीवरची पर्स सरळ केली, घसरत होती म्हणून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इंजेक्शन झालं. डाव्यावर पट्टी, उजव्यानं लिहितेय. ओळी कुठं जातात कोण जाणे.

काउंटरवरची मुलगी आज हसून म्हणाली, "तुमच्या बहीणबाई किती मागे लागल्या होत्या हो! तुमचा चहा सांडला म्हणाल्या, त्याच दिवशी येऊन तुमच्या नावानं नंबर लावून गेल्या. मग रोज फोन — लवकरचा द्या, लवकरचा द्या."

म्हणजे मी तिला नवऱ्यावरून ते बोलले त्याच्या आधीच. आणि मी बोलल्यावरही फोन करत राहिली.

बाहेर बाकावर बसली होती. म्हटलं, "तुझे डोळे दाखवायचे राहिलेच की."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?" म्हणाली. "पुढे पायऱ्या आहेत. हात दे."

दिला.