राखेच्या राज्यात तांब्याभर पाणी

केज, मंगळवार, दिवेलागण

आमची ऋतू आणि धाकट्या जावेची प्रणाली, दोघी मिळून एका वहीत गोष्ट लिहितात. राखेचं राज्य, दोन चंद्र, शंभर वर्षांचं युद्ध. सात पोरंपोरी ते थांबवायला निघतात आणि शत्रूच्या दारात जाऊन बसतात. किल्ला मागत नाहीत, तांब्याभर पाणी मागतात. पुढं दोघींना सुचेना, म्हणून मला वाचायला दिली. लई भारी लिहिलंय, पण तोंडावर कशाला सांगू?

म्हटलं, "पाण्यानं कुठं युद्ध थांबतंय?"

ऋतू म्हणाली, "मम्मी, चार वर्षांत काकूच्या घरचं पाणी पिलीस का तू?"

भांडण झालं की त्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि भांडण कशावरून, तर वाटणीतल्या पाट्यावरवंट्यावरून. आता आम्हा दोघी जावांकडं मिक्सर आहे!

कार्ट्यांनी माझ्यावरच लिहिलंय की काय? चिडले, हसूही आलं. मग वही परत द्यायच्या निमित्तानं जावेच्या दारात गेले. ती पीठ मळत होती.

"सुनंदा, तांब्याभर पाणी दे गं."

ती बघतच राहिली. पिठाच्या हातानंच तांब्या आणला, माझ्यापुढं धरला आणि मधेच मागं घेतला. मी माघारी वळायला लागले.

"थांबा अक्का," ती म्हणाली, "ह्ये कोमट हाय. माठातलं देते."

पोरींना सांगितलंय, हाच शेवट लिहा.