गच्ची गोदांबरीच्या हवाली

आलेला माल, किमतीसह: जांभळ्या रबरी चटया वीस, दर चटईस अकराशे रुपये. काठी घासली की गुणगुणणारा काशाचा वाडगा एक, साडेसहा हजार. ‘मनःशांती व सकारात्मक विचार, प्रवेश सशुल्क’ अशी काचेची पाटी एक, बावीसशे. हे सर्व माझा मुलगा हर्षमणी याने मला न विचारता माझ्या गच्चीवर आणून ठेवले आहे.

सबब मी, कुसुमलता सेमवाल, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, राहणार मुनि की रेती, गंगामाईला स्मरून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर मुलाच्या मनाविरुद्ध, माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे करते.

घर माझ्या यजमानांनी टपाल खात्याच्या निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावे घेतले. त्याचे दोन्ही मजले हर्षमणीस. तिथे त्याने खुशाल पाहुणे ठेवावेत, त्यांना लिंबूपाणी पाजावे. माझी हरकत नाही.

बँकेतील ठेव व माझी टिहरीची नथ मुलगी अनसूया हिला. ही नथ पितळेची असल्याचे माझी थोरली जाऊ गोदांबरी हिने माझ्या लग्नात भर पंगतीत सांगितले होते. नथ सोन्याची आहे. सोनाराची चिठ्ठी डबीतच आहे, ज्याला पाहायची त्याने पाहावी.

तांब्याची घागर सून रुचिकास. घरात तिला कोणी काही विचारत नाही, मीही फारसे विचारले नाही.

आता गच्ची. यजमान गेल्यावर मला झोप येईना. आश्रमातल्या स्वामीजींनी श्वास शिकवला, बसणे शिकवले. पुढे तिथला वर्ग पाहुण्यांसाठी झाला, फी आली, आणि आम्ही गल्लीतल्या बायका माझ्या गच्चीवर गोणपाट टाकून बसू लागलो. आसने झाली, प्राणायाम झाला की शेवटी शवासनात डोळे मिटून ज्या माणसाचा सर्वांत जास्त राग येतो त्याचे भले चिंतायचे, हा आमचा नेम. तेही मोघम नाही. तिची पोळी फुगो, तिचे दूध न नासो, तिच्या गुडघ्याला उतार पडो, असे.

गोदांबरी त्या पंगतीपासून माझ्याशी बोलत नाही. पण गच्चीवर रोज येते, आणि बसते ती माझ्याच शेजारी. एकदा शिवणकाम करणाऱ्या भागीरथीने मला विचारले, “काकी, आज कोणाचं भलं?”

“त्याच बाईचं,” मी म्हटले.

शेजारून आवाज आला, “भागीरथी, सांग तिला, माझंही तेच चाललंय.”

सगळ्याजणी इतक्या हसल्या की शवासन राहूनच गेले. माझा राग गेला असे मी लिहिणार नाही, मृत्युपत्रात खोटे लिहू नये. पण तिचे नाव निघाले की पूर्वी मी ताटावरून उठत असे, आता जेवण संपवूनच उठते. एवढ्यालाच मी शांती म्हणते.

हर्षमणीचे म्हणणे, “आई, तुम्ही बायका वर बसून भांडता. पाहुण्यांना शांतता लागते. पुढच्या महिन्यापासून खाली बोळात बसा.”

“बोळात गाई उभ्या असतात.”

“मग मंदिरात बसा! मी हेच तर जगाला शिकवतोय, जरा मोठं करून.”

“अरे, आमच्याकडे भांडणच नसेल तर भलं कोणाचं चिंतायचं? तुझ्या वाडग्याचं?”

तो चिडून खाली गेला. तेव्हापासून मी रोज त्याचेच नाव घेते. त्याची भूक वाढो, कपाळाची आठी जावो. मनापासून घेते. पण भले चिंतणे म्हणजे जिन्याची किल्ली हातात देणे नव्हे.

म्हणून गच्ची, जिना व जिन्याची वहिवाट मी गोदांबरी सेमवाल हिला देते. तिच्यानंतर ती ज्या बाईला नेमेल तिला. अट एकच: सकाळी बसायला येणाऱ्या कोणाही बाईकडून एक पैसा घ्यायचा नाही आणि कोणालाही उठवून लावायचे नाही.

अनसूया विचारेल, मला का नाही? बाळे, तू भावाच्या डोळ्यांत पाणी पाहिलेस की विरघळतेस. भागीरथी आमची भाडेकरू, तिला तो भाड्यावरून धमकावेल. गोदांबरी पन्नास वर्षांत एका नथीवरून मागे हटली नाही, ती हर्षमणीपुढे काय हटणार! माझ्या ओळखीत तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि मला तशीच हवी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला व सही केली.

सही: कुसुमलता सेमवाल
साक्षीदार: पुष्कर उनियाल, निवृत्त शिक्षक
साक्षीदार: दलबीर रावत, पिठाची गिरणी
मुनि की रेती, ९ फेब्रुवारी २०१९

या मृत्युपत्राची नक्कल पौडीस, लेकीकडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या गोदांबरीस रवाना.

दीदी, तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ते तसेच चालू द्या. गच्ची सांभाळाल की नाही, एवढे मात्र उलट टपाली कळवा.