गवत कापायचं नवं यंत्र

प्रिय आई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावते. आम्ही बरे आहोत, काळजी करू नकोस.

तुझे जावई आता नीट जेवतात, जिनाही चढतात. हृदयाला जपायचं म्हणून डॉक्टरांनी फक्त जोर लावायला मनाई केली आहे. त्यामुळे अंगणात गुडघाभर गवत माजलं होतं आणि हे खिडकीशी बसून त्याच्याकडे बघत राहायचे.

शनिवारी गवत कापायचं यंत्र घ्यायला गेलो. साधं यंत्र ढकलावं लागतं. आम्ही घेतलं त्याचा दांडा दाबला की चाकं आपली आपण चालतात. सुरूही बटणावर होतं.

दुकानदाराने विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच," हे म्हणाले.

घरी यांनी दोन पट्टे कापले आणि थांबले. मला म्हणाले, "इकडे ये. वळताना दांड्यावरचा दाब सोडायचा, नाहीतर भिंतीवर जाईल. आता सगळं नीट शिकून घे."

मी हो म्हटलं आणि माझं तोंड दिसू नये म्हणून यंत्र घेऊन पुढे गेले.

बाबांचे डोळे कसे आहेत? त्यांना पत्र वाचून दाखवशील तेव्हा एवढंच वाच, की अंगण आता छान दिसतं.

तुझी थोरली